उद्योगाची वही चारचौघांत वाचावी

कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावताना मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांत हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. "महाराज, धंदा म्हटला म्हणजे थोडे इकडचे तिकडे करावेच लागते. मग गळ्यात माळ घालून गल्ल्यावर बसावे कसे?" विचारणारा कोणी किराणा दुकानदार असतो, कोणी धानगिरणी चालवितो, कोणी बचतगटाच्या अध्यक्षा असतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेलो म्हणजे यांत आणखी एक नवी मंडळी भेटतात. ग्रामसभेची वही सांभाळणारी ती विशी-पंचविशीची मुले. बापाने जन्मात हजाराची नोट मोडली नाही, आणि मुलाच्या सहीवर गावाच्या खात्यातून लाखाची रक्कम निघते. या सर्वांना उपयोगी पडेल असे काही लिहावे म्हणून हा लेख आहे.

कीर्तनकाराला व्यापारातले काय कळते, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. आम्ही स्वतः कधी दुकान मांडले नाही. परंतु ज्यांची नावे आम्ही घेतो ते सारे हातांनी काम करून पोट भरणारे होते. सावतोबांचा मळा, गोरोबांचे चाक, नरहरी सोनारांची ऐरण, देहूला तुकोबांच्या घरची महाजनकी आणि वाण्याचे दुकान. शिवाय दिंडी म्हणजे तरी काय? दोन-तीनशे माणसे, त्यांचे दोन वेळचे जेवण, पाण्याचा टँकर, सामानाचा ट्रक, तंबू, आजाऱ्याची सोय, आणि हे सारे जमविलेल्या भिशीत बसवायचे. जो दिंडी नीट चालवितो तो कारखानाही चालवील. तेव्हा थोडे बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे असे समजून पुढे जातो.

दाखला घ्यावयाचा तो वनातला घेऊ. कारण शहरातील मोठ्या पेढ्यांची उदाहरणे वाचून आमच्या वाचकाला वाटते की ते आपल्यासाठी नव्हे. हा दाखला त्याच्याच सारख्या माणसांचा आहे.

पाठशाळेत आम्ही कौटिल्याचे अर्थशास्त्र वाचले, त्यात दुसऱ्या अधिकरणात कुप्याध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. वनातून येणाऱ्या मालाचा तो प्रमुख. तेथे मालाचे वर्ग पाडले आहेत. साग, मोह, अर्जुन हे कठीण लाकडाच्या वर्गात, आणि वेळूचा वर्ग निराळा. वेळूला त्याने झाडांत धरलेले नाही. आता गंमत पाहा. इंग्रजांनी १९२७ साली जो वन कायदा केला त्यात बांबू हा वृक्ष ठरला. एकदा वृक्ष ठरला की तो तोडणे आणि गावाबाहेर नेणे हे सारे सरकारी परवान्याचे काम झाले. बुरडाने टोपली विणावयास चार वेळू आणले तरी तो चोर. उलट बल्लारपूरच्या कागद कारखान्याला सरकारशी करार करून तोच बांबू ट्रकांनी मिळे. ही स्थिती पालटली ती २००६ च्या वन हक्क कायद्याने. त्यात बांबू, तेंदूपान, मोह, मध वगैरे गौण वनोपज म्हणून धरले आणि त्यावर गावाची मालकी मान्य झाली. १९२७ च्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू मात्र २०१७ साली निघाला. म्हणजे चाणक्याच्या यादीपर्यंत परत यावयास आम्हांस नव्वद वर्षे लागली!

असो. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे छोटे गोंड आदिवासी गाव आहे. घरे शंभराच्या आतबाहेर. या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. हक्काचा कागद हाती आला, बांबू उभा होता, गिऱ्हाईकही होते. परंतु माल गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याकडेच. परवान्याशिवाय ट्रक नाक्यावर अडतो. घर तुमचे, किल्ली दुसऱ्याची, असा तो प्रकार. गावाने तगादा सोडला नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्या दिवसापासून ते गाव व्यापारी झाले. पुढे ग्रामसभेने आयकराचा पॅन क्रमांकसुद्धा काढला. ज्या गावात पूर्वी सावकाराची वही तेवढी येई, त्या गावाची स्वतःची वही झाली.

आम्ही जे सांगणार ते पुढचे आहे. हक्क मिळालेली गावे पुष्कळ आहेत. पैसा आला आणि वर्षा-दोन वर्षांत भांडणे लागली, अशीही आहेत. एका गावात एक म्हातारा आम्हांस म्हणाला, "पैसा आला जी, पन हिशेब कोनाले समजला नाही." म्हणून विचार करावयाचा तो असा की मेंढ्याला जे साधले ते कशाने साधले.

त्याचे मूळ २०११ मध्ये नाही. ते त्याच्या पंचवीस-तीस वर्षे मागे आहे. देवाजी तोफा आणि गावकरी, तसेच वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल, यांनी १९८० च्या दशकापासून त्या गावात एक रीत पाडली. निर्णय घ्यावयाचा तो सर्वांच्या संमतीने. बहुमताने नव्हे. एकाचीही हरकत असेल तर विषय पुढे ढकलावयाचा आणि त्याला काय खटकते ते समजून घ्यावयाचे. दुसरी रीत अभ्यास गटाची. ज्याला एखाद्या विषयाची गोडी आहे त्यांनी एकत्र बसून कायदा वाचावा, जाणकाराला बोलवावे, आकडे मांडावे. तेथे निर्णय करावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेत. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गावाची म्हणून सर्वत्र गाजली. घोषणा लोकांनी उचलली, अभ्यास गट मात्र फारच थोड्यांनी उचलला. वास्तविक किंमत त्याची आहे.

दुकानदाराने वा गिरणीवाल्याने यातून काय घ्यावे? त्याने सभा भरवावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु माहिती घेण्याची बैठक आणि ठरविण्याची बैठक या दोन निरनिराळ्या ठेवाव्या. आमच्याकडे काय होते, मालक कामगारांना बोलावतो, आपण काय ठरविले ते सांगतो, आणि शेवटी विचारतो, "कोणाला काही म्हणायचे आहे का?" कोण बोलणार? हमालाला ठाऊक असते की कोणत्या शेतकऱ्याचा धान ओला येतो. मोजणीवर बसलेल्या बाईला ठाऊक असते की कोणता काटा हलका आहे. ते मालकाला कळत नाही, कारण मालक आधी बोलून मोकळा झालेला असतो. म्हणून मालकाने शेवटी बोलावे. आणि जो एकटा "नाही" म्हणतो त्याच्यावर रागवू नये. त्याच्याजवळ थोडा वेळ जास्त बसावे. पुष्कळदा त्याला दिसलेला खड्डा इतर नऊ जणांस दिसलेला नसतो.

यावर आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. सर्वांची संमती मिळेपर्यंत माल सडला तर? तेंदूपान तर मुळीच थांबत नाही. कोवळे पान जून झाले की विडीच्या कामाचे राहत नाही. तोडणीचे दिवस मेच्या आगेमागे मोजके. अशा वेळी कंत्राटदार दारात उभा, आणि ग्रामसभा चर्चा करीत बसली तर हंगाम गेलाच. याला उपाय एकच. चर्चा पानाच्या वेळी करावयाची नाही. ती माघ-फाल्गुनात करावयाची. किमान दर किती, आगाऊ रक्कम किती, पैसे किती दिवसांत, हे तेव्हाच सर्वांसमक्ष ठरवून लिहून ठेवावे. मग वैशाखात चार जणांच्या समितीने त्या चौकटीत राहून तडकाफडकी निर्णय करावा. आमचा चोपदार नाही का रस्त्यावर दिंडीला विचारीत बसत! पण त्याने कोठे थांबावे आणि कोठे चालावे हे आधी ठरलेले असते, म्हणून त्याची काठी सर्वजण मानतात.

आता वहीविषयी. येथे आम्ही थोडे थांबणार आहोत.

कौटिल्याने अधिकाऱ्यांनी द्रव्य हडपण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत. आधी आलेली रक्कम मागाहून आली असे लिहिणे, थोडे मिळाले असता फार लिहिणे, एकाने दिले ते दुसऱ्याच्या नावावर घालणे, असे ते प्रकार. दोन हजार वर्षांत त्यात फारशी भर पडलेली दिसत नाही. पडताळून पाहावयाचे तर तेंदूची मोजणी पाहा. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे गोणीत सत्तर हजार पाने. पहाटे निघालेली बाई भर उन्हात पुडे बांधून फळीवर आणते. मुन्शी मोजतो. शंभरामागे चार-पाच पुडे फुकटात जास्त घेण्याची खोड अनेक ठिकाणी होती. बाईला वाटे, चार पुड्यांनी काय होते. परंतु शंभर बायकांचे, रोजचे, आठ-दहा दिवसांचे धरा म्हणजे कळेल की कोणाच्या घरावर माडी कशाने चढली.

हे थांबवावयाचे तर मुन्शी चांगला शोधून भागत नाही. मोजणारा एक आणि लिहिणारा दुसरा असावा. त्याच दिवशी, त्याच जागी, लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे. आमच्याकडे अक्षर न ओळखणारी माणसे पुष्कळ आहेत, पण आपण किती पुडे आणले हे न ओळखणारी बाई आम्ही अद्याप पाहिली नाही. कागद तिला वाचता येत नाही, ऐकता येतो. वही कपाटात ठेवली की ती एकाची होते, वाचून दाखविली की सर्वांची होते.

एका गावच्या सप्ताहाची हकीकत सांगतो; गावाचे नाव नको. सात दिवस कार्यक्रम उत्तम झाला, काल्याची पंगत मोठी झाली. काही रक्कम शिल्लक राहिली. कोषाध्यक्ष सज्जन माणूस. त्याने ती रक्कम जपून ठेवली, एक पैसा खाल्ला नाही. परंतु हिशेब कोणास वाचून दाखविला नाही. आपण प्रामाणिक आहोत, मग दाखवावयाचे कशाला, असे त्यास वाटले. पुढल्या वर्षी वर्गणी निम्मी जमली. त्याच्या पुढल्या वर्षी सप्ताहच झाला नाही. चोरी झाली नव्हती, तरी जे चोरीने व्हावयाचे ते झाले. व्यवसाय करणाऱ्याने हे नीट ध्यानात घ्यावे. भागीदार भाऊ असो की मेहुणा, त्याला दर महिन्यास बसवून वही वाचावी. त्याने "राहू दे, विश्वास आहे" म्हटले तरी वाचावी. तेव्हा तर अवश्य वाचावी.

ग्रामसभेच्या मुलांसाठी याहून थोडे जास्त सांगतो. रोकड घरी ठेवू नये, एक रात्रसुद्धा. बँकेतून रक्कम काढावयास दोघांच्या सह्या असाव्या आणि ते दोघे एका घरातले नसावे. एक सही बाईची असेल तर उत्तम. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवण्याची जी सवय दिसते ती ताबडतोब सोडावी. कंत्राटदाराने दिलेली मेजवानी, मोटरसायकलचे पेट्रोल, मोबाइल, या गोष्टी वहीत लिहिता येत नाहीत. जे लिहिता येत नाही ते घेऊच नये.

आता विक्रीचे पाहू. पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्रातील नियम २०१४ चे. त्यानंतर गडचिरोलीतील पुष्कळ ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. २०१७ च्या हंगामात दर असे चढले की जुन्या माणसांनीही तसे पाहिले नव्हते. पुढच्याच वर्षी ते कोसळले. ज्यांनी चढत्या वर्षाचा आकडा धरून पुढचे खर्च ठरविले होते त्यांची काय दशा झाली असेल ते सांगावयास नको. धान पिकविणाऱ्याला हे शिकवावे लागू नये. एका वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून तो पुढल्या वर्षाचे बियाणे खात नाही. पण रोख पैसा हाती आला म्हणजे शेतकऱ्याचीही बुद्धी पालटते, हे आम्ही पाहिले आहे.

आणि सर्वांत चढा दर बोलणारा गिऱ्हाईक सर्वांत चांगला असे नाही. दर बोलावयास पैसे लागत नाहीत. हंगाम संपला, माल गोदामात गेला, आणि मग "बाजार पडला, एवढ्यातच भागवा" म्हणून हात वर करणारे व्यापारी काही थोडे नाहीत. गावची मजुरी थकते, आणि कंत्राटदाराशी भांडण दूर राहून सचिव झालेल्या पोरालाच लोक धरतात. म्हणून अनामत आधी घ्यावी, माल टप्प्याटप्प्याने द्यावा, आणि पहिल्या टप्प्याचे पैसे आल्यावाचून दुसरा उचलू देऊ नये. एकटे गाव असे ताठ उभे राहू शकत नाही, व्यापारी शेजारच्या गावाकडे जातो. कोरची तालुक्यातील सुमारे नव्वद ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली ती याच कारणास्तव. सारी गावे एक अट घालतात म्हटल्यावर व्यापाऱ्याला पळावयास जागा उरत नाही. बाजारपेठेतील लहान दुकानदारांनीसुद्धा हे पाहण्यासारखे आहे. शेजारचा दुकानदार आपला वैरी, ही समजूत ठोक व्यापाऱ्याच्या सोयीची आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचा दाखला आम्हांस याहूनही मोठा वाटतो. या गावाला २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. त्यांनीही बांबूचा व्यापार केला. परंतु तेंदू, ज्याच्या मागे सारा प्रदेश धावतो, तो त्यांनी तोडावयाचाच नाही असे ठरविले. कारण तेंदूसाठी फांद्या छाटतात, कोवळी पाने यावी म्हणून जंगलात आगी लावतात, आणि त्यात नवी रोपे आणि तेंदूची फळे जातात. हाती येणारा पैसा सोडावयाचा म्हणजे सोपे नव्हे. तरी त्यांनी हिशेब मांडला आणि सोडला. बांबूचेही तसेच. कोंब आणि कोवळा वेळू राखावयाचा, बेटातले काही पक्के वेळू आधारासाठी उभे ठेवावयाचे, पावसाळ्यात कोयता लावावयाचा नाही, एका भागात तोड झाली की त्याला काही वर्षे विश्रांती. याला व्यापारी भाषेत भांडवल राखून व्याजावर जगणे म्हणतात. गिरणीवाला यंत्राला तेल न घालता दोन वर्षे नफा काढतो आणि तिसऱ्या वर्षी यंत्र बसते, तेव्हा तो नफा नव्हताच, यंत्रच विकून खाल्ले होते, हे त्याला उशिरा समजते. कामगाराची गोष्ट तर यंत्राहून नाजूक. त्याला दिवाळीला मिठाई देणे सोपे आहे. ठरलेल्या तारखेला मजुरी देणे कठीण, आणि तो कशाने बांधला जातो तर याच कठीण गोष्टीने.

कामगाराचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी, एकाच गावच्या. चंद्रपूर जिल्ह्यात मोह वेचताना, पाने तोडताना, गुरे राखताना दरवर्षी माणसे अशी जातात. सरकार भरपाई देते, ती द्यावीच. पण ज्याच्या व्यापारासाठी ती बाई पहाटेच्या काळोखात वनात शिरते त्याचे काही कर्तव्य आहे की नाही? तो कंत्राटदार असो, ग्रामसभा असो. सूर्य वर आल्याशिवाय कोणी आत जावयाचे नाही, एकटीने जावयाचे नाही, टोळीत दोघांनी केवळ पाहारा करावयाचा आणि त्यांनाही पाने तोडणाऱ्याइतकीच मजुरी द्यावयाची. वाघ दिसला त्या भागाचे काम त्या दिवशी बंद, आणि बंद दिवसाची काही तरी मजुरी. यात पाच-पन्नास गोण्या कमी भरतील. त्या कमी भरलेल्या गोण्यांचा आकडा उद्योगाच्या खर्चात आधीच धरावा. ज्याच्या हिशेबात तो बसत नाही त्याने दर वाढवून मागावा, नाहीतर हा धंदा करू नये. येथे आमची वाणी थोडी कठोर झाली असेल, वाचकांनी समजून घ्यावे.

मेंढ्याला ग्रामसभेमार्फत मिळालेल्या मजुरीतला दहावा हिस्सा गावाच्या कोषात टाकण्याची रीत पडली. अडल्यानडल्याला त्यातून मिळते, सावकाराकडे जावे लागत नाही. पुढे २०१३ साली गावाने आपली जमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरविले. तो कायदा महाराष्ट्रात १९६४ पासून आहे, विनोबांच्या चळवळीतून आलेला. सर्वांनी तेथवर जावे असे आम्ही म्हणत नाही, ते ज्याच्या त्याच्या बळाचे काम आहे. दहावा हिस्सा मात्र कोणालाही जमण्यासारखा आहे. पाच नोकरांच्या दुकानातही मालकाने आपल्या नफ्यातून आणि नोकरांनी खुशीने आपल्या पगारातून थोडे बाजूस टाकले, तर आजारपणात उचल मागण्याची आणि ती फेडता फेडता चाकर होऊन बसण्याची पाळी येणार नाही. त्या पेटीचीही वही असावी, आणि तीही वाचावी.

कार्तिकी करून मंडळी परत येतील तेव्हा झाडीपट्टीत धान कापणीला आलेला असेल आणि वेळूतोडीचे दिवस सुरू होतील. ज्या ग्रामसभांनी गेल्या हंगामाचा हिशेब अद्याप वाचलेला नाही त्यांनी पहिला कोयता लागण्याच्या आधी सभा बोलवावी. गोटुलात, देवळात, शाळेच्या ओट्यावर, कोठेही चालेल. बायका शेतावरून परतल्यावर, जेवणे झाल्यावर बोलवावी, म्हणजे त्या येतील. वाचणारा सचिव नसावा; सातवी-आठवीतल्या एखाद्या मुलीला वाचावयास बसवावे. आणि वाचता वाचता कोणी "थांब" म्हटले, तर तेथे थांबावे.